तिरडीचा प्रयोग

मुंबईच्या कलाशाळेत शिकलेला माझा मित्र नंदुरबारला परतला तो भलतंच खूळ डोक्यात घेऊन. चित्र भिंतीवर टांगायचं नाही म्हणे, रस्त्यावर घडवायचं. जिवंत माणूस तिरडीवर बांधून भरबाजारातून नदीपर्यंत न्यायचा. वाद्य नाही, बोलणं नाही. त्या माणसाने डोळे उघडायचे नाहीत, एवढीच अट.

तो माणूस मी झालो. शेती सोडून रंगांच्या नादी लागलो म्हणून आबांनी, माझ्या वडिलांनी, माझ्याशी अबोला धरला होता. घरात मी असून नसल्यासारखाच होतो, मग तिरडीचं काय एवढं!

बाजाराच्या दिवशी चौघा मित्रांच्या खांद्यावरून निघालो. आधी पोरं खिदळली, मग आवाज थांबले. कुणीतरी छातीवर फूल टाकलं. एक बाई हुंदके देऊन रडू लागली. ती कोण, कुणासाठी रडली, मला आजही माहीत नाही. दोऱ्या काचत होत्या आणि मला खरीखुरी भीती वाटली.

नदीच्या अलीकडे विसाव्याला तिरडी टेकवली, तेव्हा ओळखीचा खोकला ऐकू आला. आबा आमच्या गावाहून, रनाळ्याहून, कापूस घेऊन बाजाराला आले होते. आता शिव्या बसणार म्हणून मी डोळे आणखी घट्ट मिटले.

“ऊठ,” आबा म्हणाले. “बाप जित्ता शे अजून.”

प्रयोग मोडू नका म्हणून मित्राने हात जोडले. आबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. स्वतः दोऱ्या सोडल्या, पागोटं काढून माझ्या हातात दिलं.

“आठे मी झोपस. तू खांदा दे.”

आणि ते खरंच आडवे झाले. मी पुढचा खांदा घेतला. किती हलके होते आबा! नदीपर्यंत मी हमसून रडत होतो, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. काठावर उतरल्यावर त्यांनी पागोटं बांधलं आणि म्हणाले, “घर चाल.”

पुढे आबा गेले, तेव्हा मी तापीपलीकडे प्रकाशा गावच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. श्रावणातला पूर, नाव सुटेना. पाणी उतरल्यावर रनाळ्यात पोचलो, तोवर सगळं उरकलं होतं.

“खांदा द्याले तू नव्हता,” चुलतभाऊ कळवळून म्हणाला.

“मी देयेल शे,” मी म्हणालो. दुःखाने माझं डोकं फिरलं, असं त्याला वाटलं. त्याने मला धरून ओट्यावर बसवलं आणि पाणी आणायला आत गेला.