मामींच्या वडिलांचा आवाज

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. सत्तरच्या दशकात मद्रासमध्ये मी फोनोग्राफच्या, आवाज कोरून ठेवलेल्या मेणाच्या जुन्या नळ्या जमवत असे. जॉर्ज टाउनच्या भंगारवाल्याकडून आणलेलं यंत्र दर रविवारी चावी देऊन लावायचो आणि मित्र कॉफी घेऊन भोवती बसायचे. फार सुखाचे दिवस होते ते.

शेजारच्या मामींनी त्यांच्याकडची एकुलती एक नळी माझ्याकडे ठेवायला दिली. तिच्यात त्यांच्या वडिलांनी तंजावरच्या घरी म्हटलेलं भजन होतं. "मुलीकडून परत आले की ऐकेन," त्या म्हणाल्या. प्रत्येक वेळी सुई मेण थोडं खरवडते, हे मला ठाऊक होतं. तरी मित्रांच्या आग्रहाने ती मी दर रविवारी दोन-दोनदा वाजवली.

मामी परतल्या तेव्हा नुसती खरखर उरली होती. "दमट हवेने बुरशी लागली," मी म्हणालो.

त्या शेवटपर्यंत कान लावून बसल्या. "हे खाकरले बघ, अप्पाच ते," म्हणून हसल्या. वर माझीच समजूत काढली, "अरे, हवेपुढे तू काय करणार?"

पुढे पंधरा वर्षं आम्ही शेजारी राहिलो, रोज बोललो. "मामी, हवेने नव्हे, मीच वाजवून वाजवून झिजवली, मला क्षमा करा," एवढं मात्र त्या असेपर्यंत तोंडातून निघालं नाही.