भिंतीतला पिंपळ आणि अंबाडीची भाजी

आमच्या गल्लीत झाडाला फुकट उभं राहायची सोय नव्हती. कडुलिंब असेल तर त्याच्या काडीनं दात घासायचे, पाला ज्वारीच्या कोठीत टाकायचा, आणि घरात कुणाला गोवर आला की त्याच्याच डहाळ्या दाराला लावायच्या. तुरीच्या शेंगा खाऊन झाल्या की तुराट्यांचा कूड उभा राहायचा, कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या चुलीत जायच्या, बाभळीच्या काट्यांचं कुंपण व्हायचं. रुईचं पान तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधायचं. मग गुडघा बरा होवो न होवो, माणूस ते पान दिवसभर गल्लीला दाखवत फिरायचा. परभणीतल्या आमच्या त्या नव्या वस्तीत रिकामी बसलेली माणसं रग्गड दिसायची, रिकामं झाड एकही दिसायचं नाही.

अपवाद एकच. आमच्या आणि शेजारच्यांच्या सामाईक भिंतीत उगवलेला पिंपळ. तो तोडता येत नव्हता, जाळता येत नव्हता, आणि त्याचा उपयोग तर छदामाचा नव्हता. म्हणून दोन्ही घरांत त्याचा भलताच मान होता.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर. छप्पन साली दीक्षा घेतलेलं आमचं घर. शेजारचे मामा कचेरीत कारकून. त्यांची शेती पोखर्णीकडं, आणि देवधर्म शेतीपेक्षा मोठा. दोघांनी लागून प्लॉट घेतले आणि मधली भिंत एकच घातली. अर्धा खर्च वाचत असला की दोघंही एकदम पुरोगामी व्हायचे. भिंत कच्च्या विटांची, मातीत रचलेली. अलीकडं आमची चूल, पलीकडं त्यांची. मागच्या अंगणात हीच भिंत छातीइतकी व्हायची, आणि तिथून दोन्ही घरांतल्या बायकांचा कारभार चालायचा.

या कारभाराचा एक नियम होता. कुणी बोलून दाखवला नव्हता, पण पाळायचे सगळे. आमच्याकडून तिकडं कच्चं जायचं, शिजलेलं जायचं नाही. आमच्या शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, लिंबं, सगळं मामीला चालायचं. हक्कानं मागून न्यायची. पण त्याच शेंगा मायनं आमटीत टाकल्या की त्यांना काय व्हायचं कुणास ठाऊक, त्यांचा भिंतीपलीकडचा रस्ता बंद व्हायचा. दिवाळीला मामीकडून फराळाचं ताट यायचं. ताट रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून माय त्यात लिंबं घालून पाठवायची. करंज्यांच्या बदल्यात लिंबं! मला ते ताट नेऊन देताना लय राग यायचा.

आणि मायच्या हातची अंबाडी म्हणजे काय सांगू. भिंतीच्या कडेनंच तिनं अंबाडीची ओळ लावलेली होती. पाला उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटायची, आणि वरून लाल लसणाची फोडणी. फोडणीचा चर्र आवाज झाला रे झाला की भिंतीवर मामीचं डोकं उगवायचं.

"मास्तरीणबाई, अंबाडी केली का? काय वास सुटलाय हो! लय ब्येस झाली असंल."

"देऊ का आक्का वाटीभर?"

"आज चतुर्थी हाय न्हवं."

पुढच्या खेपेला सोमवार असायचा. त्याच्या पुढच्या खेपेला पोट बरं नसायचं. मामीचे उपास इतके होते की पंचांगवाल्यानं हिच्याकडं शिकायला यावं. शेवटी ती म्हणायची, "त्यापेक्षा कच्ची जुडीच द्या, मी करून बघते." जुडी जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकं. "तुमच्यासारखी होत न्हाई बघा!"

आता, कधी तोंडात न घातलेल्या भाजीसारखी आपली भाजी होत नाही, हे या बाईला कळायचं कसं? मी विचारणारच होते एकदा. मायनं मला असा चिमटा काढला की मी नुसतीच ओरडले.

मायला एवढीच आस होती, की या बाईनं आपल्या हातचा एक घास खावा. मामी वाईट असती तर मायनं सोडून दिलं असतं. पण मामी चांगली होती. मी तापानं फणफणले तेव्हा अडुळशाचा काढा घेऊन आली आणि उशाशी बसून राहिली. जीव लावणारी बाई, आणि वाटीला हात लावत नव्हती. ते मायला आत कुठंतरी सलत होतं. मी म्हणायची, "कशाला इचारतीस दरवेळी? ती खाणार न्हाई." माय म्हणायची, "मी इचारायचं सोडलं तर तिला सोपं जाईल."

अशात कुठल्यातरी कावळ्याच्या कृपेनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर तो पिंपळ उगवला. आधी बोटाएवढा, मग हाताएवढा, आणि मग भिंतीला तडा. मायनं चुलीपुढं बसून तडा दाखवला आणि सांगितलं, "उपटून टाका."

दादा शहारले. "अगं, झाडाला देव मानणारा मी न्हाई. पण याच झाडाखाली तथागतांना ज्ञान झालं."

"मग तुमाला कवा व्हायचं?" माय म्हणाली. "भिंत आंगावर पडल्यावर?"

दादांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. संध्याकाळी ते भिंतीपाशी गेले आणि गोड आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, जागा तुमची बी हाय. तुमी उपटलं तरी माझी हरकत न्हाई."

मामांनी कानाला हात लावला. "छ्या छ्या! पिंपळात मुंजा असतो. पण मास्तर, तुमी कुठं मुंजा मानता? तुमीच उपटा की."

झालं. एक जण मुंज्याला भीत होता. दुसरा मुंज्याला भीत नव्हता, पण समाजातल्या लोकांना भीत होता, उद्या कुणी म्हणालं की मास्तरानं बोधिवृक्ष उपटला, तर? त्यात आणीबाणीचे दिवस. मामांच्या कचेरीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं, झाडे लावा. म्हणजे सरकारही पिंपळाच्याच बाजूनं.

मग दोघांना एक शहाणपण सुचलं. तिसरा धर्म शोधावा. जवळच्या मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला बोलावलं, चहा पाजला, आणि दोघांनी मिळून त्याला पिंपळ दाखवला. मिस्त्रीनं चहा शेवटपर्यंत प्यायला आणि बशी खाली ठेवली.

"नक्को मास्तर. इसमें दो धरम हैं, और मेरा सर एकच है."

मग मामांनी शेळी आणली. शेळीला पाप लागत नाही, यावर दोघांचं एकमत झालं. तिला मुद्दाम भिंतीवर चढता येईल अशी बांधली. तिनं मायचं अळू खाल्लं, दादांचे तपासायचे पेपर खाल्ले, आणि शेवटी उपकार केल्यासारखा पिंपळाचा पाला ओरबाडला. दोन्ही घरांत त्या दिवशी काय आनंद! आणि थोड्याच दिवसांत पिंपळ असा फुटला, जणू त्याला तेवढ्या छाटणीचीच गरज होती. दादा म्हणाले, "बघा, केवढी जीवनशक्ती हाय." मामांनी हात जोडले. मायनं भाकरी जरा जोरातच थापली.

त्यानंतर माय रोज दुपारी एक पातेलं पाणी उकळायला ठेवायला लागली. त्यात मूठभर खडे मीठ टाकायची आणि आजूबाजूला बघून पिंपळाच्या बुडाशी ओतून यायची. मी विचारलं तर म्हणाली, "सांडपाणी टाकायलेय. तू आपला अभ्यास कर." मी समजले. मला बरंच वाटलं, घरात एकाला तरी अक्कल आहे म्हणून.

इकडं मामीची भक्ती वाढली. आधी ती फक्त शनिवारी पिंपळाला पाणी घालायची. आता रोज सकाळी, डोक्यावर पदर घेऊन, तांब्या भरून. मामा सगळ्या गल्लीत कौतुक सांगायचे. एकदा मला तिच्या तांब्यातून वाफा निघताना दिसल्या. थंडी सुरू झाली होती. मला वाटलं, देवाला गार लागू नये म्हणून करत असेल.

पिंपळाला काय झालं? काही नाही. पान न् पान टवटवीत.

दिवाळी होऊन गेली होती. आभाळ कोरडं ठाक, ढगाचा ठिपका नाही. दुपारी माय अंगणात अंबाडी खुडत होती, मामी पलीकडच्या अंगणात दाणे निवडत होती, आणि धप्पकन आवाज होऊन स्वयंपाकघराची भिंत पलीकडं पडली. सगळीकडं धुरळा. माय "आक्का! आक्का!" करत धावली, तिकडून मामी "मास्तरीणबाई!" करत. कुणाला लागलं नव्हतं. मामीची चूल मात्र मातीखाली गाडली गेली, आणि तिच्यासोबत डबे, फडताळ, सगळं. आमची चूल जागच्या जागी होती. आणि पिंपळही. मुळांनी आवळून धरलेला भिंतीचा तेवढा तुकडा ताठ उभा होता, आणि त्याच्यावर तो.

मामा कचेरीतून आले, दादा शाळेतून. मामा म्हणाले, "मुंज्याचा कोप हाय." दादा म्हणाले, "सगळं अनित्य हाय." मग दोघांनी वाकून माती हातात घेतली. ओलीचिंब. "पाऊस न्हाई, पाणी न्हाई, भिंत वली कशी?" मामांनी विचारलं. दोघंही आभाळाकडं बघायला लागले. दोन्ही बायका जमिनीकडं बघत होत्या.

संध्याकाळ झाली तेव्हा मामा भुकेनं कासावीस झाले. चूल नव्हती, डबे मातीत. मायनं काही न विचारता कण्या चुलीवर ठेवल्या आणि अंबाडी उकडायला टाकली. आता मधे भिंतच नव्हती. मामी विटांच्या ढिगावर बसून सगळं बघत होती. पहिल्यांदाच वासासोबत भाजीही दिसत होती. फोडणी देता देता मायनं मिठाच्या बरणीत हात घातला. बरणी रिकामी.

"आक्का, मीठ हाय का हो? माझं संपलंय."

मामी मांडीवरची माती झटकायला लागली. "माझं बी संपलंय."

"मातीत गेलं का?"

"कालच संपलं."

माय तिच्याकडं बघत राहिली. मामीही. मग मामी खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी किती टाकायच्या?"

"मूठभर. तुमी?"

"मी दोन."

आणि त्या दोघी अशा हसायला लागल्या की दादांनी आणि मामांनी एकमेकांकडं बघितलं, बायकांना मुंज्यानं धरलं की काय म्हणून. भिंत पिंपळानं पाडलीच नव्हती. उलट जेवढी त्यानं धरली तेवढीच उभी होती.

दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. मी मीठ आणायला उठले, तर मायनं डोळ्यांनीच मला खाली बसवलं. मी जाऊन येईपर्यंत मामीला एखादा उपास आठवला असता.

मायनं ताटं वाढली. मामा तर कुठला वार आहे हे न आठवता तुटून पडले. मामीनं ताट पुढं ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि धरून राहिली. माय उलथनं हातात घेऊन उभी. मी मनात म्हटलं, आता जर ही चतुर्थी म्हणाली तर मी तो पिंपळ हातानं उपटीन.

मामीनं घास खाल्ला. सावकाश चावला, गिळला.

"अळणी हाय, मास्तरीणबाई."

माय मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मामी घाबरून गेली. "आवं, चव ब्येस हाय! नुसतं मीठच तेवढं..."

"आसू द्या आक्का," माय रडता रडता म्हणाली. इतकी वर्षं नुसत्या वासावर तारीफ ऐकलेली बाई ती. "आजून काय चुकलं ते सांगा."

मामीनं दुसरा घास घेतला, नीट विचार केला. "लसूण बी जरा करपलाय."

मायनं डोळे पुसले आणि तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली.