बर्फावरची दोन स्टुलं

खालच्या बेकरीवाल्या बाई वर येऊन म्हणाल्या, हार्त्सच्या डोंगरातून तुमच्यासाठी फोन आहे, तेव्हा मी कणीक मळत होते. तशाच भरल्या हातांनी खाली धावले. फोनवर हेर ब्रांडेस होते; हेर म्हणजे इथलं श्रीयुत. माझे धाकटे दीर मधुभावजी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. म्हातारा म्हणाला, "मधू गेला." माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बर्फ फुटला?" कारण दर वर्षी थंडी सरायला लागली की मला तीच एक धास्ती असायची. ते म्हणाले, "नाही हो. बर्फ अजून भक्कम आहे. बसमध्ये गेला. बसल्या जागी."

नुकती तिशी ओलांडलेला माणूस. कधी डोकं दुखतंय म्हणून झोपला नाही. संस्थेतलं प्रबंधाचं काम आटोपून निघाले, बसमध्ये खिडकीशी बसले, आणि शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने खांद्याला हात लावला तर मान कलली. मेंदूतली शीर तुटली म्हणे. डॉक्टर सांगतात तसं असेलही, पण माझ्या डोक्यात ते अजून शिरत नाही. भाजी चिरताना मध्येच हात थांबतो आणि मी स्वतःशीच म्हणते, बसमध्ये? बर्फावर इतके हिवाळे काढले, आणि बसमध्ये?

आम्ही मूळ मालवणचे. हे जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या कारखान्यात लागले, पाठोपाठ मी आले, तेव्हा इथे लढाईत पडलेल्या घरांच्या भिंती तशाच उभ्या होत्या. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. जर्मन शिकवलं ते बाजारातल्या बायकांनी. काही वर्षांनी भावजी खाणविद्या शिकायला वर डोंगरात आले आणि पहिल्याच भेटीत ताटाकडे बघून म्हणाले, "वहिनी, हा देश चांगला आहे, पण इथली माणसं मासा डब्यातून काढतात." ताज्या मासळीशिवाय हा माणूस सुकत चालला होता. मग हेर ब्रांडेसनी त्यांना तळ्यावर नेलं. जुन्या काळी खाणींना पाणी पुरवायला तिकडे तळी बांधलेली आहेत. हिवाळ्यात ती गोठतात, आणि लोक बर्फाला भोक पाडून, स्टुलावर बसून गळ टाकतात. पुढच्या रविवारी भावजी पिशवी घेऊन आमच्या दारात. आत काटेरी पराचे छोटे मासे. मी तिरफळं घालून तिखलं केलं, आमच्याकडचं माशाचं तिखट कालवण. हे म्हणाले, चव जरा फिकी लागते. तर भावजी म्हणतात, "ह्यो मासो गोड्या पाण्यातलो, जरा लाजता."

भर हिवाळ्यात त्या बर्फाचं काही वाटत नाही, त्यावरून घोडागाडीसुद्धा जाईल. खरी परीक्षा वसंतात. उन्हं वाढतात, काठावरची झाडं फुटायला लागतात, आणि तरी वर तळं गोठलेलंच असतं. तेव्हा अजून किती दिवस बसायचं हे ठरवणं म्हणजे जिवाचा प्रश्न. मी एकदा म्हटलं, "एवढा वीतभर जाड बर्फ आहे, मग भीती कसली?" भावजींनी कोपऱ्यातला खराटा उचलून माझ्यापुढे धरला. "हा जाड आहे ना? आता दोरी सोडा. काड्या तेवढ्याच राहतात, पण खराटा राहत नाही. उन्हाने बर्फाची दोरी सुटते, वहिनी." निळा-काळा बर्फ चांगला, दुधासारखा पांढरा झाला तर जपून, आणि राखाडी दिसला की त्याच्या अंगात पाणी शिरलं असं समजायचं. चांगला बर्फ बोलतो, म्हणायचे. कडाडतो, घुमतो. तो गप्प झाला की घरी जायचं.

हेर ब्रांडेसना हे सगळं भावजींच्या आधीपासून ठाऊक. पण म्हाताऱ्याचे डोळे अधू होत गेले, पांढरं-राखाडी कळेनासं झालं, कानही जड झाले. मग दोघांनी आपसात एक नियम केला. मोसमाच्या शेवटच्या दिवसांत दोघांपैकी एक स्टूल उचलून उठला की दुसऱ्यानेही उठायचं. गळाला मासा लागलेला असला तरी. आणि का उठलास, ते विचारायचं नाही. विचारलं की वाद होतो आणि वादात वेळ जातो. गेली काही वर्षं उठायचे ते भावजीच.

दिवसकार्य उरकल्यावर मी भावजींची खोली आवरायला वर डोंगरात गेले. घराला कुलूप. शेजारचा माणूस मला बघून धावतच आला. तळ्यावरून बाकी सगळे कधीच उठले होते, एकटे हेर ब्रांडेस रोज सकाळी जाऊन बसत होते. कुणी हाका मारल्या तर म्हणायचे, "मधू अजून उठलेला नाही."

आम्ही गेलो. काठाशी पाणी सुटलेलं, त्यावर फळी टाकलेली. लांब मधोमध म्हातारा पाठमोरा बसलेला, आणि शेजारी भावजींचं रिकामं स्टूल. मी उभी राहून कान दिला. तळं गप्प होतं. रात्रीच्या थंडीने वरचा पापुद्रा तेवढा कडक होता, ऊन चढलं की तोही राहणार नव्हता. शेजारी म्हणाला, "मी जाऊन आलो, माझं ऐकत नाहीत." मग मी साडी खोचली, त्याने माझ्या कमरेला दोरी बांधली, आणि मी फळीवरून पुढे झाले. पायाखाली राखाडी. तोंडाने रामरक्षा चाललेली, तीही मधली मधली विसरत होते.

मी त्यांना हाक मारली नाही. मी भावजींचं स्टूल उचललं आणि वळले.

मागे बघायचा धीर होत नव्हता. थोड्या वेळाने दोरा गुंडाळल्याचा आवाज आला... मग स्टूल घडी केल्याचा... मग पावलं. माझ्यापासून अंतर राखून, एका जागी दोघांचं वजन पडू नये म्हणून भावजी सांगायचे तशी.

फळीवर मी हात दिला, तो त्यांनी घट्ट धरला. दाराशी आल्यावर त्यांनी माशांची बादली पुढे केली, "तुमचं ते तिखट करता का?" मी केलं. आम्ही दोघं भावजींच्या टेबलाशी बसून जेवलो, आणि मी का उठले हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. नियमच होता तो, त्यांनी पाळला.

माझ्याने नाही पाळवत. ते स्टूल आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्याच्याकडे बघत मी रोज विचारते, अहो भावजी, गळ पाण्यात असताना असे मध्येच उठलात का?