पलीकडच्या गोलमागे

मुलीकडे स्कॉटलंडला असताना मी एकदा तिच्या गावच्या फुटबॉल क्लबचा सामना बघायला गेले. अगदी खालच्या लीगमधला लहानसा संघ. मध्यंतरापर्यंत त्याच्यावर तीन गोल झाले आणि माणसं चालू लागली. वाटलं, निघाली घरी! पण ती मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलमागे जाऊन उभी राहू लागली.

"चला, बाजू बदलल्या, आता आपण तिकडे गोल करणार!" शेजारचे आजोबा मला म्हणाले.

आशा बसल्या जागी धरायची असते, असं मी समजत होते. ही माणसं तिला गाठायला चालत जातात! मीही पदर खोचून धावले. गोल झाला, एकच, पण अगदी आमच्या पुढ्यात!

घरी मुलीने विचारलं, "कोण जिंकलं?"

"आपण हरलो," एवढं सांगायलाही माझा आवाज उरला नव्हता.