डिस्कवरचं स्वस्तिक

सायकल थांबवणे या विषयाचा मी तीन महिने अभ्यास केला आहे. (चालवण्याचा एक दिवसही नाही.)

रिम ब्रेक चाकाच्या कडेला आवळतो, डिस्क ब्रेक मधल्या चकतीला. एवढ्याशा फरकापायी मी घरात सगळ्यांचं डोकं खाल्लं. "सायकल घेऊन राहिले का विमान?" बायको वैतागली. तिचा भाऊ दिनकर वर्षानुवर्षं रिम ब्रेकवर खुशाल फिरतोय. तो म्हणाला, "माही सायकल थांबत नाही का जिजाजी?"

मी पेटलो! दसऱ्याला सीताबर्डीहून डिस्कवालीच आणली आणि दिनकरला आव्हान दिलं. गल्लीच्या उतारावरून सुसाट यायचं, आमच्या फाटकासमोरच्या रांगोळीआधी थांबायचं. जो रांगोळी ओलांडेल त्यानं ब्रेकबद्दल जन्मात तोंड उघडायचं नाही!

आधी पूजा. आई तुपात कालवलेलं कुंकू घेऊन हँडलवर स्वस्तिक काढणार, तोच मी ओरडलो, "तिथं नाही वं आई, डिस्कवर! सारी करामत तिथं आहे!"

"एवढ्या भोकांच्या चकतीवर कसं काढू गा?"

"दे इकडं!" मी स्वतःच्या हातानं दोन्ही चकत्यांवर स्वस्तिकं काढली, उरलेलं तूपही चोपडलं. काय झळकत होत्या! मला तर भरूनच आलं.

दिनकर आधी आला. त्याचे ब्रेक कर्कश किंचाळले, पण गडी रांगोळीच्या वीतभर अलीकडे थांबला. मग मी! सारी गल्ली बघत होती. ऐटीत एक ब्रेक दाबला. काही नाही. दोन्ही दाबले. सायकल उलट खुशीत आली!

"थांबा ना!" बायको किंचाळली.

"थांबूनच राहिलो नं!"

रांगोळी गेली, फाटक गेलं, आणि मी शेजारच्या काकूंनी तोरणासाठी ओतलेल्या झेंडूच्या ढिगात डोक्यावर!

"स्वस्तिक होतं म्हणून वाचला पोरगा," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिनकर मला सायकलसकट मिस्त्रीकडे घेऊन गेला आणि माझ्या तीन महिन्यांच्या अभ्यासाचंही त्याला सांगून मोकळा झाला. मिस्त्रीनं चकतीवर बोट फिरवलं, हुंगलं आणि कपाळाला हात लावला. "साहेब, डिस्कले तेल लागू द्याचं नसते! तीन महिन्यांत एवढंही नाही वाचलं?"

दिनकर गालात हसत होता. शर्त हरलेल्या माणसानं गप्प बसायचं असतं. पण राहवेना!

"वाचलं होतं गा," मी म्हणालो. "पण तिथं तेल लिहिलं होतं. हे साजूक तूप आहे!"