केळुसकर सरांचा कप्पा

केळुसकर सर गेल्याचं मला आमच्या मदतनीस कुसुमताईंनी सांगितलं, खांदा कॉलनीतल्या आमच्या वाचनालयाचं कुलूप मी उघडत असताना. त्या कोन गावाहून रिक्षाने येतात. सरांच्या इमारतीतलं कुणीतरी त्याच रिक्षात होतं. मी आत जाऊन पंखा लावला आणि आदल्या दिवशीच्या उरलेल्या पुस्तकांवर क्रमांक घालत बसले. अकरा वाजले तेव्हा मात्र खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. ती त्यांची यायची वेळ. आता दीड महिना झाला, तरी अकराला मान तिकडे वळते...

निवृत्तीआधी सर एका कंपनीत कॉम्प्युटरच्या कर्नलवर काम करत. कर्नल म्हणजे सगळ्या कारभाराचा गाभा, कोणत्या प्रोग्रामला किती आणि कुठली जागा द्यायची हे ठरवणारा. यावर सोप्या मराठीत एक पुस्तक लिहायचं त्यांच्या मनात होतं आणि ते लिहायलाच ते आमच्याकडे येत. लिहायचे हातानेच; स्क्रीनकडे आयुष्यभर पाहिलं, आता पुरे, असं म्हणत. मला कळलं तर कुणालाही कळेल, या हिशेबाने ते प्रत्येक पान आधी मला ऐकवत. प्रोग्रामला वाटतं की मेमरी सलग आहे आणि सगळी आपलीच आहे. खरं तर त्याचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी कुठेही पडलेला असतो. प्रोग्राम जो पत्ता सांगतो त्याला खरी जागा कोणती, हे कर्नलने लिहून ठेवलेल्या तक्त्यात पाहावं लागतं. "तुमची नोंदवही तेच करते," ते मला म्हणाले. वाचक पुस्तकाचा क्रमांक सांगतो, कपाट आणि कप्पा वही सांगते. पण दरवेळी वही कोण उघडणार? म्हणून नेहमी लागणाऱ्या जागा मी एका चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवते. तशीच एक चिठ्ठी आतल्या खोलीत कुसुमताईंच्या टेबलावर असते. कॉम्प्युटरमध्ये प्रत्यक्ष काम करणारे प्रोसेसरही अशाच चिठ्ठ्या बाळगतात, हे कळल्यावर मला उगीचच बरं वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी वाचनालयाला रंग दिला तेव्हा कपाटं हलली. सातव्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात रद्दी असायची. ती मी बाहेर काढली आणि तो कोरडा कप्पा सरांच्या पुस्तकाच्या वहीला दिला. नोंदवही दुरुस्त केली, माझी चिठ्ठी बदलली. दोन दिवसांनी मी एका लग्नासाठी नेऱ्याला गेले होते, तेव्हा रद्दीवाला आला. कुसुमताईंनी आपली जुनीच चिठ्ठी पाहिली, सातव्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला आणि त्याला देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच्या दुकानात गेलो. माल आदल्या संध्याकाळीच पुढे गेला होता. दोनशे पानी वही होती, जवळजवळ भरलेली, आणि तिची दुसरी प्रत नव्हती.

परत आल्यावर सर त्यांच्या खुर्चीत बसले. कुसुमताई दारात उभ्या होत्या. "चिठ्ठीत लिवलं व्हतं तसंच केलं, सर. माझं काय चुकलं ते सांगा."

"काही नाही," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "कप्पा मला देण्याआधी यांची चिठ्ठी काढून घेतली होतीत?"

मी नाही म्हटलं.

"मग चूक तुमची, ग्रंथपालबाई."

आवाज चढला नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं की कंपनीत हीच चूक त्यांच्या हातून झाली होती. तक्ता बदलला आणि जागा लगेच दुसऱ्या प्रोग्रामला दिली. एका प्रोसेसरकडे जुनी चिठ्ठी राहिली होती, तो तिकडेच लिहीत राहिला, दुसऱ्याच्या मजकुरावर. आधी तक्ता बदलायचा, मग सगळ्यांच्या चिठ्ठ्या रद्द करायच्या, प्रत्येकाचा होकार येईपर्यंत थांबायचं, आणि मगच जागा द्यायची.

त्यांना तेव्हाच हृदयाचा त्रास होता. एवढं सगळं पुन्हा लिहायला वेळ मिळेल का, हे मी विचारलं नाही, पण रोज मनात यायचं. त्यांनी नवी वही आणली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. "जुन्या वहीत एक प्रकरण कमी होतं," म्हणाले, "ते तुम्ही पुरवलंत." त्यानंतर वाचनालयात काहीही हललं की ते मला आत हाक मारायला लावत. कुसुमताई चिठ्ठी फाडून मोठ्याने "हो" म्हणेपर्यंत मला हात लावू देत नसत. कुसुमताई कधीकधी मुद्दाम उशीर करायच्या. सर हसायचे. "बघा, चौसष्ट प्रोसेसर असले की काय होत असेल."

शेवटची भेट झाली त्या दिवशी त्यांनी वही मिटली, "झालं" एवढंच म्हणाले आणि स्वतः वाकून ती कप्प्यात ठेवली.

तेरावा झाल्यावर त्यांची मुलगी पुस्तक छापून घेण्यासाठी वही घेऊन गेली. मागच्या आठवड्यात आमच्या कार्यवाहांनी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी तो कप्पा मागितला. मी नोंदवहीत सरांचं नाव खोडलं, माझी चिठ्ठी फाडली आणि आतल्या खोलीकडे हाक मारली. उत्तर आलं नाही. आत गेले तर कुसुमताई टेबलाशी बसल्या होत्या. काचेखाली त्यांची चिठ्ठी तशीच होती... कपाट सात, खालचा कप्पा, सर.

"मी अजून हो बोलले नाय, बाई," त्या म्हणाल्या.

मी माझ्या जागेवर परत आले आणि पुस्तकांचा गठ्ठा तसाच बांधून ठेवला.