आबांच्या डोळ्यांची उघडझाप

दादाला बापाची आठवण सरकार करून द्यायचं. तो सोलापुरात भवानी पेठेत स्वतःच्या घरात राहतो, आम्ही वळसंगला. अर्धांगाचा झटका आल्यापासून आबा खाटेवर पडून होते आणि त्यांचं सगळं करायला मी होते, नवऱ्यानं टाकलेली लेक. जमीन आबांच्या नावावर, शेतकऱ्याला सरकार देतं ते अनुदान आबांच्या खात्यात आणि त्या खात्याचं कार्ड दादाच्या पाकिटात. दादाला कसलीच ददात नव्हती. फुकटचं सोडवत नाही, एवढंच.

मधूनच फर्मान यायचं, शेतकरी जिवंत आहे याची खात्री पटवा, नाहीतर हप्ता बंद. आबांच्या बोटांचे ठसे राबून झिजलेले, म्हणून मग चेहरा. फोन समोर धरायचा आणि माणसानं डोळ्यांची उघडझाप करायची. केली की हिरवी खूण येते.

एका वर्षी दादा हुरड्याच्या दिवसांत ऑफिसातले मित्र घेऊन आला.

"आबा, डोळं मिचकवा की."

आबा फोनकडं टक लावून बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं तरी पापणी हलू दिली नाही. मला हसूच आलं. उभ्या जन्मात या माणसानं कुणाला अडवून धरलं नव्हतं.

"आदी मला रानात ने," जड जिभेनं ते म्हणाले. "एकडाव ज्वारी बगू दे."

"नेतो की. लगीच नेतो. आदी हे उरकू."

आबांनी डोळे मिचकावले. दादानं फोन खिशात टाकला आणि मित्रांना घेऊन शेतावर गेला. गाडीत जागा नव्हती म्हणे. संध्याकाळी दारात हॉर्न वाजवून त्यानं भाजलेल्या हुरड्याची पुडी माझ्या हातात दिली, आबांसाठी. एकही दात नाही त्या माणसाच्या तोंडात. मी ती गाईला घातली आणि दादाच्या नावानं कडाकडा बोटं मोडली.

पुढच्या हिवाळ्यात फोन दिसताच आबांनी डोळे गच्च मिटले. दादानं चुचकारलं, मग ओरडला, मग दोन बोटांनी त्यांच्या पापण्या वर करून धरल्या. फोनला ते चालेना. बरी जिरली, असं मी मनात म्हटलं.

दादानं फोन बाजूला ठेवला आणि म्हणाला, "चला आबा, रानात जाऊ."

त्यानं स्वतः उचलून त्यांना गाडीत घातलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसले. भावाला थोडी लाज शिल्लक आहे असं वाटून मला भरूनसुद्धा आलं. आबांनी वाटेत डोळे उघडले नाहीत, पण चांगल्या हातानं माझं मनगट सोडलं नाही.

दादानं त्यांना बांधावर बसवलं, मी मागून पाठ धरली. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, वाऱ्यानं सळसळत होती. आबांनी मान वर केली.

"आलो का गं?"

"व्हय आबा, आलो. बगा की."

माझ्या शब्दावर त्यांनी डोळे उघडले. समोर दादा उकिडवा बसला होता, हातात फोन, अगदी तोंडासमोर. ऊन थेट डोळ्यांत आलं आणि आबांच्या पापण्या लवल्या.

"झालं," दादा म्हणाला. "चला, ऊन लागंल त्यांना."

"थांब की रे, बगू दे त्यांना!"

"बगितलं की. डोळं उगडलं न्हवं?"

मी त्याला शिव्या घातल्या. आबांना उचलता उचलता त्यानं त्या ऐकून घेतल्या. गाडीत आबांनी पुन्हा डोळे मिटले.

घरी पाणी पाजताना मी विचारलं, "आबा, ज्वारी दिसली का?"

"न्हाय गं," ते म्हणाले. "फोन आडवा आला."